गोळा जमला तेव्हा

हसू नका, पण रिटायर झाल्यावर मी आमगावच्या एका म्हाताऱ्या कुंभारकाकांकडे चाकावर मडकी घडवणं शिकून राहिलो. मातीचा गोळा मधोमध काही बसत नाही. तो डगमगला की काका येतात, माझ्या हातांवर आपले ओले हात ठेवतात आणि म्हणतात, “जोर कायले लावता गुरुजी? हात ठेवा फकत.”

आज पहिल्यांदा गोळा माझ्या एकट्याच्या हाताखाली शांत फिरला. “जमलं तुमाले!” काका खूश झाले आणि बिडी पेटवून दूर जाऊन बसले.

मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? नाही झाला. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. मुलगी फोनवर बोलते. शेजारी रस्त्यावरूनच जय भीम करतात. माझ्या हाताला हात लावणारं दुसरं कोणी उरलं नाही.

मी मुद्दाम अंगठा दाबला. गोळा वाकडा झाला.

“साजरा फिरून राहिला होता ना, मंग काऊन बिघडवला?”

मी मान वर केली नाही. काकांनी बिडी विझवली, परत आले आणि माझ्या हातांवर हात ठेवले. बराच वेळ ठेवले. या खेपेला शिकवलं मात्र काहीच नाही.

तुमचा हात शेवटचा कोणी धरला होता, आठवते का?