बेलीफमामांचा पंचनामा

अख्ख्या जळगावात कुणाच्या घरात काय आहे, हे आमच्या मामांइतकं देवालाही ठाऊक नसेल. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. कोर्टात तीस वर्षं बेलीफ होते. समन्स बजावायचं आणि जप्ती आणायची, हेच काम. मामा निवृत्त झाले, पण नजर काही झाली नाही. कुणाकडे चहाला गेले तरी आधी कपाट, पंखा, रेडिओ डोळ्यांनी मोजून घेत आणि मगच टेकत. माझ्या लग्नात त्यांनी बायकोला आशीर्वाद दिला तो असा, "पोरी, मंगळसूत्र आणि स्वयंपाकाची भांडी कायद्यानं कुणाचा बाप जप्त करू शकत नाही. टीव्हीचं मात्र सांगता येत नाही." टीव्ही सासऱ्यांनी दिलेला होता. ते दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

खिशात कार्बन पेपरची घडी कायम. बाजारातून वांगी आणायची यादीसुद्धा दोन प्रतींत. एक पिशवीत, एक मामींकडे. "कागदावर नाही ते घडलंच नाही," असं ते म्हणत. त्यावर मामी म्हणायच्या, "मंग आपलं लगीन बी झालं नाही!" मामा गंभीरपणे मान डोलवायचे.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. समोरच्या कमलअक्कांच्या दिलीपनं एका खाजगी सावकाराकडून पैसे घेऊन रिक्षा काढली. हप्ते थकले, सावकारानं रिक्षा ओढून नेली, तरी बाकी राहिलीच, आणि हा पठ्ठ्या लाजेनं सुरतेला पळाला. मग सावकाराची दोन माणसं रोज मोटारसायकल घेऊन अक्कांच्या ओट्यावर येऊन बसायला लागली. घरात अक्का आणि धाकटी मंगल. मंगलची सोयरीक सावद्याला ठरली होती, साखरपुडा आठ दिवसांवर आलेला. ते नेमकं त्यांना कळलं.

"पोराचा पत्ता द्या, नाहीतर सावद्याले जाऊन तुमच्या व्याह्यालेच विचारतो," त्यातला एक म्हणाला. अक्का पदरात तोंड घालून रडत होत्या. मंगल तर दाराआड गेली ती बाहेरच येईना.

मामा लेंगा-बनियनवरच रस्ता ओलांडून गेले. ओट्यावर मांडी घातली, कार्बन लावला आणि म्हणाले, "बस रे भो. नाव सांग. पूर्ण."

"कशाले?"

"पंचनामा करतो. जामिनाच्या कागदावर अक्कांची सही आहे? नाही. मंगलची? नाही. मग कुणाकडे आणि कशासाठी आलात, ते लिहावं लागेल. चपला कोणत्या, तेही."

शेजारच्या बायका पंच म्हणून सही करायला धावल्या. एकीनं उत्साहात दोनदा केली. मोटारसायकलचा नंबर उतरवून होईपर्यंत दोघं गेलेसुद्धा.

आम्ही हसलो, मामा हसले नाहीत. "ते सावद्याला जातील. त्यांच्याआधी आपण जायचं," म्हणाले आणि दुसऱ्या सकाळी पहिल्याच एसटीनं निघाले. मी सोबत होतो. सोयरीक मोडली तर अक्का आम्हाला जन्मभर माफ करणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. व्याही केळीचे व्यापारी, मोजकं बोलणारे. मामांनी पंचनामा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चपलांसकट सगळा वाचला.

"कर्ज पोराचं हाये, पोरीचं नाही," ते म्हणाले. "साखरपुडा ठरल्या दिवशीच व्हईन."

माझा जीव भांड्यात पडला. मामांनी मात्र कागद पुढे सरकवला, "तेवढं 'वाचून पाहिले' लिहून सही करा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्याह्यांनी हसत सही केली.

अक्कांकडून पत्ता घेऊन मामांनी पत्र लिहिलं, तसा दिलीप सुरतेहून आला, सावकारासमोर बसून त्यानं हप्ते बांधून घेतले, आणि साखरपुड्याला पाहुण्यांना पाणी देत फिरला.

मामा मात्र बाहेरच उभे. अक्का दोनदा बोलवायला आल्या. मामा म्हणाले, "अक्का, तीस वर्षं मी दारात दिसलो की घरात रडारड व्हायची. आज आत बायका गाणी म्हणताहेत. जरा इथूनच ऐकतो." इतकी वर्षं आम्ही या माणसाच्या नजरेची टिंगल केली, पण त्या नजरेनं काय काय पाहिलं असेल हे कधी विचारलं नाही.

शेवटी मंगलच नव्या साडीत बाहेर आली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "मामा, आत या ना." कोर्टाच्या कामावर असताना त्यांना असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. मामांनी चपला काढल्या आणि खाली मान घालून, कुठल्याच वस्तूकडे न बघता, ते आत गेले.