थांबलेला आकडा

आमच्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस देहूरोडपासून चाकणपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. वाकडला मुलीच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर ते जिन्याने चढतात, आणि लिफ्टने पुढे गेलेल्या बायकोला दर दोन मजल्यांना फोन करून सुखरूप पोचलीस ना, असं विचारतात. गॅस बंद केल्याचा फोटो काढतात आणि वाटेत गाडी थांबवून तो बघतात. असा माणूस चाकणच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. मी तिथेच भट्टीवर सुपरवायझर. गिअर लाल होईस्तोवर तापवून तेलात सोडायचे, हे आमचं काम.

गेल्या वर्षी एका दुपारी ते भट्टीपाशी येऊन तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभे राहिले. तापमान आठशे साठ. "राव, ह्यो आकडा हलंना गेलाय," ते म्हणाले. मी म्हटलं, स्थिर आहे, चांगलंच आहे की. त्यांनी भट्टीच्या अंगावरचा जुना काट्याचा मीटर दाखवला. काटा नऊशेच्या बराच पुढे होता. पडदा मघाचंच तापमान दाखवत होता, आणि माझा माणूस ते गिअर तेलात सोडायच्या बेतात होता. तेलाच्या टाकीने पेट घेतला असता. साडूंनी लाल बटण दाबून भट्टी बंद केली.

मॅनेजर म्हणाले, वायर ढिली असेल. वायर बदलली, सेन्सर बदलला, आकडा पुन्हा थांबला. साडू मात्र वेगळंच बघत बसले होते. कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला काही सांगायचं असलं की ती त्याला हाक मारते, आणि तो हातातलं काम सोडून तिचं ऐकतो. या हाका मोजता येतात. त्यातली एक सेकंदाला हजारो वेळा येत होती. साडूंनी प्रिंटर काढला, माउस काढला, नेटवर्कची वायर काढली. बाहेर कोणी उरलं नाही, तरी कोणीतरी हाका मारतच होतं, आणि त्या गलक्यात भट्टीची हाक बुडत होती. हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मी मागे वळून बघितलं.

त्याच्या महिनाभर आधी कॉम्प्युटरच्या बोर्डावरचं फर्मवेअर, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यांत आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, नवं घातलं होतं. त्यानेच एका हाकेचा पत्ता चुकवला होता. ती भलत्याकडेच जाई, म्हणून मिटत नव्हती. जुनं परत घालायचं, तर मध्येच वीज गेली की बोर्ड कायमचा मेला. त्यात गुरुवार, आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज घालवायचा वार, विजेचा भरवसा नाही. आणि मॅनेजरांनी सांगून टाकलेलं, काही झालं तरी तीनला भट्टी पेटणार.

यूपीएस लावूनही साडूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. ती हाक गप्प होती. तीनला भट्टी पेटली, आणि आकडा काट्याबरोबर चढू लागला.

नंतर आम्ही चहाच्या टपरीवर गेलो. मी म्हटलं, आता कसली भीती, तुमचंच खरं निघालं. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"समदे वायर वायर म्हणत होते ना राव, काल मला बी वाटाय लागलं, वायरच असंल. गप बसलो असतो मी."

तेव्हापासून कारखान्यात त्यांना कोणी हसत नाही. ते डबा घेऊन आमच्यात येऊन बसले, की माणसं बोलता बोलता थांबतात आणि काय झालं म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघतात. हल्ली ते एकटेच जेवतात.