ताटांच्या फोटोखालचा शब्द

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. चाकणच्या कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये पंचवीस वर्षं काढली. पोरं सांगायची, कंपनीच्या मागं बाई दिसते. मी तिथंच बिडी ओढायला जायचो, मला कधी मांजरसुद्धा दिसलं नाही. माझी बायको मंदा गेली तेव्हा दहाव्याला कावळा शिवायला उशीर लागला. लोक म्हणाले, तिची काहीतरी इच्छा राहिलीय. मी म्हणालो, कावळ्याचं पोट भरलेलं असंल. तर असा मी. शाळा सातवी. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

निगडीला दोन खोल्यांत एकटा राहतो. मुलगी वैशाली रावेतला. मंदा गेल्यावर आमच्याकडं चला म्हणून तिनं फार आग्रह धरला, मी गेलो नाही. मग तिनं मागच्या गल्लीतल्या एका बाईंचा डबा लावून दिला आणि अट घातली — जेवण झालं की रिकाम्या ताटाचा फोटो मोबाईलवर पाठवायचा. मी रोज पाठवायचो.

आता खरं सांगतो. कितीतरी दिवस त्या ताटात मी जेवलेलोच नसायचो. डबा पिशवीत ओतायचा, नाल्यापलीकडच्या कुत्र्यांना घालायचा, ताटाला जरा आमटी फासायची आणि फोटो काढायचा. मला शुगर आहे. उपाशी राहिलं की काय होतं ते डॉक्टरनं नीट समजावलं होतं. म्हणूनच करत होतो. बस झालं होतं मला. हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं...

वर्षश्राद्धाच्या आधी वैशालीनं आईचे सगळे फोटो गोळा करायला घेतले. जुने अल्बम स्कॅन करून आणले, सगळ्यांचे मोबाईल लॅपटॉपवर उतरवले. हजारांनी फोटो. जावयांनी त्यात एक प्रोग्राम टाकला. तो एकेक फोटो बघतो आणि त्याखाली आपोआप शब्द लिहितो — साडी, झाड, मोटारसायकल. मग शब्द दाबला की तेवढेच फोटो पुढं येतात. मला लगेच कळलं. मी इन्स्पेक्शनला होतो, आमच्याकडंही मालाच्या प्रत्येक ट्रेला टॅग लागायचा, पास का रिजेक्ट.

रविवारी दुपारी तिघं बघत बसलो. व्याह्यांच्या टकलाला मशीननं कलिंगड लिहिलं होतं. जावई म्हणाले, "अण्णा, बाबांच्या कानावर घालू नका, रुसून गावाला जातील." बऱ्याच दिवसांनी मी हसलो.

मग वैशालीनं शब्दांची यादी खाली सरकवली आणि एक शब्द दाबला. उपाशी. समोर सगळी ताटं आली. माझी.

रिकामं ताट बघून लिहिलं असेल, ती म्हणाली. पण ताटांचे फोटो तर वर्षभराचे होते. हा शब्द त्यातल्या त्रेसष्टांखालीच होता. बाकीच्यांना नुसतं ताट, स्टील, ओटा.

जावयांकडून त्या त्रेसष्ट फोटोंच्या तारखा कागदावर छापून घेतल्या. घरी आलो. शुगरची गोळी मी जेवणावरच घेतो, आणि घेतली की कॅलेंडरवर फुली मारतो. जेवण नाही तर फुली नाही. कॅलेंडर खाली काढलं आणि माल तपासावा तसा एकेक दिवस ताडून पाहिला. त्रेसष्ट तारखा, त्रेसष्ट कोरे चौकोन. एक कमी नाही, एक जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कॅलेंडर काखोटीला मारून रावेत गाठलं. जावयांना विचारलं, हा शब्द लिहिला कुणी? ते म्हणाले, त्यांनाही नवल वाटलं होतं. प्रोग्रामकडं ठरावीक शब्दांची यादी असते, बहुतेक वस्तूंची. त्यांनी सगळी धुंडाळली, तिच्यात हा शब्दच नाही.

वैशाली वैतागली. "अण्णा, चुकतंय ते मशीन, सोडा ना. माझ्या लग्नातला फोटो बघा. कन्यादान होईपर्यंत तुम्ही खरंच उपाशी होता. तिथं कुठं लिहिलंय?"

तिनं फोटो शोधून दाखवला. मांडवाच्या दारात फेटा बांधून एकटा उभा मी. खाली लिहिलेलं — माणूस, फेटा, फुलं.

मी तिथंच खाली बसलो.

त्या दिवशी मी उपाशी नव्हतो. सकाळी चक्कर आली, तशी मंदानं मला रुखवताच्या खोलीत ओढलं, आतून कडी लावली आणि शिऱ्याची ताटली पुढ्यात ठेवली. म्हणाली, "गुमान खा. तुम्ही मांडवात पडलात तर पोरीनं कुणाकडं बघायचं? पाप लागलं तर मला लागंल." स्वतः मात्र ती घोटभर पाणी प्यायली नाही. बाहेर आल्यावर पाव्हणे माझं कौतुक करत होते, या वयात कडक उपास म्हणून. आम्ही दोघांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

ते वैशालीला सांगितलं. मग कॅलेंडर पुढं ठेवून त्रेसष्ट ताटांचंही सांगितलं.

ती ओरडली नाही, रडली नाही. कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी रोज त्या ताटाला शाबास म्हणून मोबाईलवर अंगठा पाठवत होते, अण्णा."

मला मान वर करता येईना. तिनं पोळी-भाजी वाढली आणि माझं होईपर्यंत समोरून हलली नाही.

त्याला चार महिने झाले. आता जेवतो. तो शब्द परत कुठल्या फोटोखाली आला नाही. जावयांनी ऑफिसात चार जाणत्यांना विचारलं. एकजण म्हणाला, फासलेली आमटी आणि जेवलेलं ताट यातला फरक मशीनला कळत असंल. असंल. पण फेट्यातल्या माणसाच्या पोटात शिरा आहे, हे कशावरून कळलं? कुणी योगायोग म्हणतं. तुमच्यापैकी कुणाला उत्तर ठाऊक असंल तर सांगा.

मागच्या आठवड्यात मात्र मनात आलं... डबा ओतून द्यावा, ताटाचा फोटो पाठवावा आणि बघावं, ती परत लिहिते का. पिशवी हातात घेतली होती. मग म्हटलं, गेलेल्या बाईला अजून किती दमवायचं. डबा उघडला. मेथीची भाजी होती. जेवलो.