माझ्या शाळेत माझी मुलगी

सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, रामाकोन्याजवळच्या एका गावात मी मराठी शाळेत शिकवत होते. पटावर अकरा मुलं उरली, तेव्हा आमची शाळा शेजारच्या हिंदी शाळेत मिसळणार असं कानावर आलं. मला ते पटत नव्हतं. लेकरू ज्या भाषेत घरी भांडतं, त्याच भाषेत त्यानं आधी लिहायला शिकावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

उगाच आरडाओरड करायची नव्हती. मी नियम वाचले, हिंदीत अर्ज लिहिला आणि पांढुर्ण्याला शिक्षण कार्यालयात नेऊन दिला. तिथले साहेब सभ्यपणे म्हणाले, “बीस बच्चे ले आइए मैडम, फिर देखते हैं.”

मग शाळा सुटली की मी घरोघर फिरू लागले. लोक चहा द्यायचे, माना डोलवायचे. संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या एका बाईनं मात्र सरळ विचारलं, “बाई, तुमची पोरगी कुठं शिकून राहिली?”

“सौंसरला. इंग्रजी शाळेत.”

“मंग आमच्याच लेकराले मराठीत काहून टाका म्हणता?”

त्याच रात्री मी मुलीला माझ्या शाळेत घालायचा विषय घरी काढला.

मुलगी तेव्हा तिसरीत होती. नवरा म्हणाला, “तुझं म्हणणं खरं असन, पण पोरीवर प्रयोग नको करू.” मी घाई केली नाही. उन्हाळाभर तिला मराठी पुस्तकं वाचायला लावली, गणितं मराठीत करून घेतली. तिला जमतंय हे पाहून शेवटी नवऱ्यानंही हरकत सोडली. जूनमध्ये तिचं नाव मी माझ्या शाळेत चौथीत घातलं आणि तिला घेऊनच त्या बाईच्या दारात गेले.

तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

“तुम्ही बोलल्या तसं केलं, बाई. पण तुमची पोरगी उद्या कुठंबी जाऊ शकते. माह्या पोराले येकच मोका हाये.”

तेवढ्यात इंग्रजी शाळेची गाडी आली. तिचा मुलगा धावत जाऊन बसला.

पट बारा झाला. ती बारावी माझीच मुलगी. वर्ष संपताच शाळा बंद झाली आणि माझी बदली झाली. सौंसरच्या शाळेनं मुलीला परत घेतलं, पण पुन्हा चौथीतच बसवलं. तिच्या मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या होत्या. मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खाते, असं तिच्या बाईंनी मला सांगितलं.

एकदा केस विंचरून घेताना तिनं विचारलं, “आई, शाळा बंद होईन हे तुले माहीत होतं का?”

“नाही,” मी म्हणाले.

ते खोटं होतं. ती गाडी वळणाआड गेली, त्या सकाळीच मला कळून चुकलं होतं. तरी मी तिचा हात धरून तिला वर्गात नेऊन बसवलं होतं.