मावशींची आणखी एक कॉपी

"एकाचं काय खरं न्हाय. आणखी एक ठेव की," असं म्हणत मावशी दुसरा पेनड्राइव्ह पुढे करायच्या. देण्याआधी तो पदराने पुसायच्या आणि त्यावर एक फुंकर मारायच्या. फुंकरीने आत ओल जाते, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा फुंकायच्या.

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या समोरच्या दारात राहायच्या. माहेर माढ्याकडचं. बरीच वर्षं एका सूतगिरणीच्या कचेरीत होत्या, गिरणी बंद पडली तशा घरी बसल्या. थोरला मुलगा पुण्याला, धाकटा हैदराबादला. थोरल्याने एका सुट्टीत घरातल्या जुन्या संगणकावर घरखर्चाचा एक प्रोग्रॅम घालून दिला होता. दूध, किराणा, औषधं, विजेचं बिल, सगळं मावशी रोज त्यात भरायच्या. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, म्हणून ती फाईल जपायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शनिवारी कंपनीच्या बसमधून उतरून जिना चढले की त्यांचं दार उघडं आणि चहा ओतलेला. अंगातला शीण घेऊन मी खुर्चीवर बसायची. मला वाटायचं, प्रत्येक कॉपीला तारखेचं नाव द्यावं, म्हणजे कुठली आधीची, कुठली नंतरची ते कळेल. मावशींना तारखा मान्य नव्हत्या. त्यांच्या फाईलींची नावं 'नळाला पाणी आलं', 'गॅस संपला', 'परत पाणी न्हाय' अशी.

"यातली ताजी कुठली?" मी विचारायची.

"गॅस नंतर संपला की गं," त्या म्हणायच्या, जणू हे अख्ख्या जुळे सोलापूरला ठाऊक होतं.

तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हटलं की आपली संध्याकाळ गेली.

बरं, हे पेनड्राइव्ह ठेवायचे कुठे? एक देवघराच्या खणात, एक शिवणाच्या डब्यात, एक कपाटात. सोलापूरलाच काही झालं तर काय, म्हणून एक त्यांनी माढ्याला भावाकडे दिला. ज्वारी घेऊन आलेल्या भावाच्या हाती सोपवताना त्याला दहादा बजावलं. पुढे कळलं की भावाने आतलं सगळं पुसून त्यावर गाणी भरली आणि तो ट्रॅक्टरवर लावला. मी चिडले. मावशी एवढंच म्हणाल्या, "गाणी तरी ऐकतोय. तुझी फाईल कोण ऐकणार हुतं?"

मग काका, म्हणजे मावशींचे यजमान, आजारी पडले. दुखणं लांबलं. धाकटा हैदराबादहून येऊन राहिला. रजा संपेपर्यंत दवाखान्याची धावपळ त्यानेच केली. थोरला पुण्याहून पैसे पाठवायचा आणि सुट्टी मिळाली की यायचा. दोघांनीही आईच्या फाईलची एकेक कॉपी आपापल्या लॅपटॉपवर घेतली आणि आपण केलेला खर्च तिथेच भरत राहिले. मावशी त्यांच्या संगणकावर भरत होत्या, कुणी काय दिलं त्यासकट. काकांना दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात मी जी कॉपी घेतली, तिला मावशींनी 'ह्यांना घरी आणलं' असं नाव दिलं. आजारपणातली ती एकच कॉपी, आणि तो पेनड्राइव्ह मी स्वतः त्यांच्यादेखत कपाटात ठेवला. त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत, आणि शनिवारच्या कॉप्याही थांबल्या.

पुढच्या उन्हाळ्यात विजेचा झटका बसून संगणक जळाला. खरं सांगते, मला जरा समाधानच वाटलं. इतक्या शनिवारांचं आता चीज होणार होतं. पण मावशी दुरुस्तीचं नाव काढेनात. बघू, म्हणायच्या.

वर्षश्राद्धाला दोन्ही मुलं आली. जेवणं उरकल्यावर टेबलावर दोन लॅपटॉप उघडले आणि दोघांचे आकडे जुळेनात. आजारपणात कुणी किती घातलं, यावरून आवाज इतका चढला की तो माझ्या घरात ऐकू येत होता. धाकटा म्हणत होता, पैसे पाठवणं सोपं असतं, रात्रंदिवस दवाखान्यातल्या बाकावर मी बसलो होतो. थोरला म्हणत होता, बाकाचे पैसे कोण मागतंय, पण जे मी पाठवले ते तरी मान्य कर. शेवटी थोरल्याने मला बोलावलं.

"ताई, आईच्या फाईलची शेवटची कॉपी तुम्हीच घेतली होती ना? ती लावा. काय ते एकदा स्पष्ट होऊ दे."

मी हो म्हटलं आणि कपाटाकडे वळले. तेवढ्यात मावशी बोलल्या.

"ती न्हाय तितं. गहाळ झाली." आणि मग माझ्याकडे न बघता, "हिला मी म्हणत हुते, आणखी एक ठेव म्हणून."

मी कपाटापासून मागे फिरले. उरलेले सगळे पेनड्राइव्ह त्यांनी आणून माझ्यापुढे ठेवले आणि मी मुकाट्याने एकेक लावत गेले. सगळे आजारपणाच्या आधीचे. नळाला पाणी आलं, गॅस संपला. धाकटा वैतागून म्हणाला, इतकी वर्षं बॅकअप घेताय आणि नेमकी हवी तीच नाही? अकाउंट्समधली बाई मी, कारखान्यात माझा कागद कधी हरवला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर मी दार न वाजवता आत शिरले. "मावशी, पेनड्राइव्ह कपाटात आहे."

"हाय की."

"मग मला का खोटं पाडलंत?"

त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही. "ती लावली असती तर एक जण खरा ठरला असता. मग दुसरा परत या दारात आला असता का?"

"मग इतकी वर्षं माझ्याकडून कॉप्या कशाला काढून घेतल्या?"

"खरं काय ते जवळ असावं म्हणून. दाखवायचं कुणी म्हटलं?"

मी तशीच उठून आले. संध्याकाळी शेंगाची चटणी आली, वाटीभर. माफी अशी त्यांनी कधी मागितली नाही.

मुलांनी शेवटी खर्च निम्मानिम्मा धरला. आपण फसलो असं दोघांनाही वाटत राहिलं, पण दोघांचे फोन येत राहिले. थोरल्याने आईला नवा लॅपटॉप आणून दिला, आणि बॅकअप कसा घ्यावा यावरचा एक व्हिडिओ मला पाठवला. तो मी अजून उघडलेला नाही. शनिवारी मावशींनी पुन्हा हाक मारली. मी गेले. नव्या फाईलच्या दोन कॉप्या केल्या, एका शब्दाने बोलले नाही, चहा मात्र प्यायले.

यंदा त्यांना एकटं राहणं जमेना. काही महिने पुण्याला, काही हैदराबादला, असं ठरलं. न्यायला दोघं भाऊ आले. लिफ्ट बंद, म्हणून फ्रिज जिन्याने उतरवायला घेतला. वळणावर तो अडकला. थोरला खालून म्हणे उजवीकडे घे, धाकटा वरून म्हणे तुझं उजवं की माझं, आणि त्या ओढाताणीत धाकट्याचं बोट कठड्यात चेंगरलं.

मी पाणी घेऊन धावले. बघते तर फ्रिज तसाच भिंतीला टेकलेला. पलीकडून वाकून आलेल्या थोरल्याने धाकट्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता, आणि चूक कुणाची यावर दोघं जोरजोरात भांडत होते. मावशी वरच्या पायरीवर बसून होत्या. पाणी घेऊन मी पुढे झाले, तर त्यांनी माझा पदर धरून मला मागे ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "थांब जरा. धरू दे."