नामदेवनं हात काढून घेतला

नामदेव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बाजारात एका बैलाचे दात पाहत होतो. निरोप आणणाऱ्यावरच खेकसलो. महिना उलटला, राग काही उतरलेला नाही.

बैलांच्या धंद्यात आम्ही दोघं रिकाम्या हातानं उतरलो. तो माझा भागीदार, भावापेक्षा जवळचा. उन्हाळ्यात त्याचं पोट दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, अल्सर. दुर्बीण घालून तुकडा काढला, त्यातही अल्सरच निघाला. गोळ्यांनी थोडं बरं वाटलं की हा कामठीच्या बाजारात हजर.

"काहून आलास गा?"

"तू एकटा घेशीन तं लंगडाच घेशीन, म्हणून."

सदरा मात्र अंगावर लोंबू लागला होता... दिवाळीनंतर रक्ताची उलटी झाली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात ऑपरेशन करून जठराचा भाग काढला, तपासायला मुंबईला पाठवला. उत्तर आलं, लिम्फोमा. जठरात क्वचित होणारा, झपाट्यानं पसरणारा कॅन्सर. तो आतल्या थरात वाढत होता, वरवरच्या तुकड्यात सापडला नाही, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. मी टेबलावर हात आपटला. आम्ही जनावर घेतो तेही चारी बाजूंनी दाबून पाहून घेतो, आणि यांनी माझ्या माणसाचं पोट वरवर खरवडून पाहिलं!

मग सलाइनमधून औषधं सुरू झाली. पहिल्या खेपेला पोटात पसरलेल्या गाठी आटल्या, मी पेढे वाटले. पुढं केस गेले, तोंड आलं, पाण्याचा घोट पोटात ठरेना, आणि गाठी पुन्हा वाढल्या. डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन खेपा देऊन पाहता येईल. पण त्यांनाच विचारा."

त्याला बोलवत नव्हतं. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबतात, पटलं नाही तर हात काढून घेतात. मी चादरीखाली त्याचा हात धरला, दोन बोटं दाबली.

"घेऊन टाक गा. मी आहो ना."

तो नुसता हसला. मी एकावर आलो.

"भाऊजी, पुरे करा," त्याची बायको रडत म्हणाली, "त्यायले लय त्रास होऊन राहिला."

"एकच, नामदेव. माझ्यासाठी."

त्यानं माझं बोट घट्ट धरलं... आणि हात काढून घेतला.

अजूनही दुपट्ट्याखालून कोणी हात काढला की मी बाजारभर ओरडतो. एवढ्यात सौदा मोडायचा असतो का? मी आणखी उतरलो असतो. एका दिवसावरही आलो असतो.