शोकसभेतल्या टाळ्या

टाचणीशी माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी तिचं कौतुक करू लागलो, तर ते नाइलाजानं करतोय हे ध्यानात असू द्या.

तीस वर्षांपूर्वी ती तिच्या आईच्या हाताखाली आमच्या नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची आणि तरी प्रत्येक शब्द टोचायचा. मी राजाच्या झग्यात कसाबसा शिरलो की म्हणायची, "झगा राजाचा आहे काका, पोट तुमचंच आहे. आत घ्या." सगळा रंगपट हसायचा. टाचणी हे नाव मीच ठेवलं, रागानं. तिनं ते पदकासारखं मिरवलं.

पुढे कपडे भाड्यानं येऊ लागले, तिची आई गेली, आणि टाचणी तिकीटखिडकीत बसली. तिथं नाट्यगृहाची वेबसाइट तिच्या गळ्यात पडली. बांधणारा काम अर्धवट टाकून निघून गेला होता आणि बाकी कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ही पुस्तकं आणून शिकली. जिन्याखालच्या खोलीतल्या इस्त्रीच्या टेबलावर तिचा संगणक आला. टेबलावरचे भाजल्याचे डाग अजून तसेच आहेत.

वेबसाइटची साधी पानं तेवढी तयार होती. त्यांत कुणाला तारखांचं कॅलेंडर हवं असे, कुणाला आसनांचा नकाशा. असल्या गोष्टी स्वतः लिहाव्या लागत नाहीत. कुणीतरी लिहून ठेवलेली तयार स्क्रिप्ट, म्हणजे नाटकाची नव्हे, संगणकाला दिलेल्या सूचनांची, उचलायची आणि आपल्या पानात बसवायची. "चिकटवायचं तर आहे!" असं आमचा मॅनेजर म्हणायचा. टाचणीला ते मान्य नव्हतं. उसना कपडा नटाच्या अंगावर चढवण्याआधी ती तो उलटा करून शिवण बघायची, तशी परक्याची स्क्रिप्ट ओळ न ओळ वाचायची. मग ती एका लपवलेल्या पानावर लावून बघायची. त्याला ती तालमीचं पान म्हणे. तिथं आठ दिवस नीट वागली, तरच खऱ्या पानावर प्रवेश. आणि प्रवेश देताना स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ लिहायची: काय लावलं, कधी, कुणाच्या सांगण्यावरून. ही ओळ वाचकाला दिसत नाही, पानाच्या पोटात राहते. कपडेपटात झग्याच्या आतून अशीच चिठ्ठी टाचलेली असायची.

आता माझं पाप सांगतो.

मागच्या वर्षी वेबसाइटवर जुन्या नटांची आणि पडद्यामागच्या माणसांची पानं झाली. माझंही झालं. फोटो झकास होता, पण पान मुकं होतं. दुसऱ्या एका वेबसाइटवर मी पाहिलं होतं, फोटोला बोट लावलं की टाळ्यांचा कडकडाट होतो. मी जिना उतरून टाचणीकडे गेलो.

"मला तसं हवंय."

"नाही."

"अगं, तयार मिळतं म्हणे. फुकट."

"फुकट तर सर्दीही मिळते. आपल्या फोटोवर आपणच टाळ्या वाजवून घ्यायच्या? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा, काका."

"चाळीस वर्षं टाळ्या घेतल्यात मी!"

"मग अजून पोट भरलं नाही? दिसतंय तर भरलेलं."

मी तणतणत वर मॅनेजरकडे गेलो. हा गृहस्थ आल्यापासून टाचणीला घालवून वेबसाइटचं काम साडूच्या कंपनीला देण्याच्या खटपटीत होता. पासवर्ड त्याच्याकडेही होता. "काका, एवढंच?" म्हणाला, आणि माझ्यासमोर दोन मिनिटांत टाळ्या लावून दिल्या. मी फोटोला बोट लावलं. कडकडाट! वर दोन शिट्ट्या! मला भरून आलं. माणूस दिलदार आहे, असं मी चार लोकांना सांगितलंसुद्धा.

त्या दिलदार माणसानं स्क्रिप्ट माझ्या पानात बसवलीच नव्हती. प्रत्येक पानाच्या तळाशी जी सामाईक पट्टी येते, तिच्यात टाकून तो मोकळा झाला होता. म्हणजे आता कुठल्याही पानावर, कुणाच्याही फोटोला बोट लावलं की टाळ्या.

चौथ्या दिवशी आमचा दिवेवाला गेला. त्याच्या प्रकाशात मी तीस वर्षं देखणा दिसलो. दोन दिवसांनी सकाळी अकराला नाट्यगृहातच शोकसभा होती. रंगमंचावरच्या मोठ्या पडद्यावर त्याचं पान लावलं होतं. पुढच्या रांगेत त्याची बायको आणि मुलगी. आम्ही दोन मिनिटं शांत उभे राहिलो. फोटो जरा मोठा करावा म्हणून टाचणीनं त्याच्यावर क्लिक केलं.

कडकडाट. वर दोन शिट्ट्या.

टाचणीनं वायर उपटली तेव्हा कुठे आवाज थांबला. दिवेवाल्याची बायको मटकन खाली बसली. त्या टाळ्या मी ओळखल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यकारिणीची बैठक झाली. ज्येष्ठ म्हणून मलाही बोलावलं होतं. मॅनेजर ठराव टाइप करूनच आला होता.

"बाईंना आता झेपत नाही. काल सगळ्यांनी पाहिलं. काम बाहेर देऊ या."

टाचणीनं कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "पानांच्या पोटातलं सगळं छापून आणलंय. एकतीस स्क्रिप्ट. तिसांवर चिठ्ठी आहे, एकीवर नाही. ती मी लावलेली नाही."

"चिठ्ठी लिहायला विसरलात," मॅनेजर हसला. "मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "विसर पडतो हो, बाई. कुणालाही पडतो." आणि पेन उघडलं.

"मग ज्यानं टाळ्या मागितल्या त्यालाच विचारा," टाचणी म्हणाली. "मी नाव घेणार नाही. त्याला जीभ आहे. जन्मभर तिच्यावरच जेवलाय."

मॅनेजर माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यात तुमचा सत्कार ठरतोय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. भाषणही पाठ होतं. एंट्री चुकलेल्या नटासारखा मी बसून राहिलो. पेन कागदावर टेकलं तेव्हा उठलो.

"टाळ्या मी मागितल्या. हिनं नाही म्हटलं. ह्यानं लावल्या, माझ्या डोळ्यांसमोर."

"काकांना हल्ली नीट आठवत नाही," मॅनेजर म्हणाला.

"अख्खी नाटकं पाठ आहेत मला, तुझे दोन शब्द आठवणार नाहीत? 'काका, एवढंच?' म्हणालास. आता सांग सगळ्यांना, एवढंच होतं का ते!"

अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावलं. ठराव सहीवाचून राहिला, आणि मॅनेजरकडचा पासवर्ड त्याच बैठकीत काढून घेतला. माझ्या सत्काराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मी जिन्याखाली गेलो. टाचणीनं मागे वळून पाहिलंही नाही.

"आता काय हवंय? बँड?"

"माफी मागायला आलोय."

"दिवेवाल्याच्या बायकोकडे जाऊन आलात?"

"उद्या जातो."

"आज जा. चपला पायात आहेतच."

तिच्या संगणकाच्या पडद्यावर ती सामाईक पट्टी उघडी होती. टाळ्यांची स्क्रिप्ट गेली होती, पण तिच्या जागी एक ओळ होती: 'टाळ्या. मागितल्या काकांनी. लावल्या मॅनेजरनं, न विचारता. काढल्या मी.' खाली तारीख.

"स्क्रिप्ट काढलीस, मग चिठ्ठी कशाला? माझं नाव तेवढं पूस ना."

"चिठ्ठी पुसायची नसते."

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागे कीबोर्ड वाजला. वळून पाहिलं तर माझ्या नावापुढे तिनं दोन शब्द वाढवले होते: 'कबूल केलं.'

"बघत काय राहिलात?" ती म्हणाली. "जाताना दार ओढून घ्या."